ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटची मानचिन्हे

ब्रिटिश भूसेनेतील एका जुन्या पायदळ रेजिमेंटचे बिल्ले, ध्वजचिन्हे व गणवेशावरील इतर खुणा. ही रेजिमेंट ३३ वी व ७६ वी अशा दोन पलटणी एकत्र करून १८८१ मध्ये उभारण्यात आली आणि २००६ मध्ये ती यॉर्कशायर रेजिमेंटमध्ये विलीन झाली. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याचा वेस्ट रायडिंग हा विभाग तिच्या सैनिकभरतीचा प्रदेश असून हॅलिफॅक्स येथे तिचे ठाणे होते. टोपीवरील सिंह आणि गळपट्टीवरील हत्ती ही तिची दोन प्रमुख चिन्हे होत. सिंह हे पहिला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आर्थर वेलस्ली याच्या घराण्याचे चिन्ह, तर हत्ती हा ७६ व्या पलटणीने हिंदुस्थानात केलेल्या चाकरीचा गौरव. दोहोंचा उगम भिन्न असला, तरी दोन्ही चिन्हांचा माग काढीत गेल्यास तो १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धापर्यंत पोहोचतो. वेलस्लीची कीर्ती त्या युद्धाच्या दक्षिणेकडील आघाडीवर सुरू झाली आणि हत्ती उत्तरेकडील आघाडीवर मिळाला. मराठी सत्तेचे कंबरडे मोडणाऱ्या या दुहेरी मोहिमेची आठवण अशा रीतीने एकाच गणवेशावर टोपी व गळपट्टी यांच्या रूपाने सव्वाशे वर्षे वागविली गेली.

ब्रिटिश सेनेतील पलटणींना स्वतःची चिन्हे प्रारंभी नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी पलटण ही बव्हंशी तिच्या कर्नलची मालमत्ता समजली जाई. सैनिकांचे कपडे करून देण्याचा मक्ता त्याच्याकडे असे, पलटण त्याच्याच नावाने ओळखली जाई आणि ध्वजावर व टोप्यांवर त्याच्याच घराण्याची चिन्हे काढली जात. कर्नल बदलला की नाव व चिन्ह दोन्ही बदलत. ३३ वी पलटण १७०२ मध्ये अर्ल ऑफ हंटिंग्डनच्या नावाने उभी राहिली ती याच पद्धतीने. मध्यंतरी तिचे विसर्जन होऊन १७१५ मध्ये ती पुन्हा उभारण्यात आली. अठराव्या शतकाच्या मध्यास राजसत्तेने हा खाजगी कारभार आवरता घेतला. १७५१ च्या राजाज्ञेने प्रत्येक पलटणीला ज्येष्ठतेप्रमाणे क्रमांक मिळाला आणि कोणत्याही कर्नलने आपले कुलचिन्ह, शिरश्चिन्ह वा ब्रीद पलटणीच्या कोणत्याही वस्तूवर घालू नये, असा दंडक घालून देण्यात आला. अपवाद होता तो काही मोजक्या जुन्या पलटणींना राजाकडून मिळालेल्या चिन्हांचा. इतरांच्या वाट्याला केवळ आकडा आला. तो ध्वजावर आला, पुढे गुंड्यांवर आला आणि लवकरच सैनिकांना जिव्हाळ्याचा वाटू लागला. या नियमाला पुढे शंभर वर्षांनी एक चमत्कारिक मुरड पडली, तिचा उल्लेख योग्य ठिकाणी येईलच.

३३ व्या पलटणीची या काळातील खरी ओळख म्हणजे तिचा लाल रंग. ब्रिटिश पायदळाचे कोट लाल असले, तरी गळपट्टी व बाह्यांची टोके वेगळ्या रंगाची असत व त्या रंगावरून पलटण ओळखली जाई. ३३ व्या पलटणीची ही टोकेही लालच होती, त्यामुळे तिचा गणवेश दुरूनही वेगळा दिसे. १७६६ पासून १८०५ पर्यंत तिचा कर्नल लॉर्ड कॉर्नवॉलिस होता. टिपू सुलतानावर १७९२ मध्ये तह लादणारा गव्हर्नर जनरल तो हाच. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात पलटणीच्या शिस्तीमुळे तिला ‘पॅटर्न’ म्हणजे ‘नमुना’ असे टोपणनाव पडले. दुसरे टोपणनाव अधिक घरगुती आहे. वेस्ट रायडिंगमध्ये भरती करणारे हवालदार तलवारीच्या वा संगिनीच्या टोकाला ओट धान्याची भाकरी टोचून गावोगाव फिरत, म्हणून या सैनिकांना ‘हॅव्हरकेक लॅड्स’, म्हणजे ओटच्या भाकरीवाले पोरगे म्हणू लागले. पोटाची सोय दाखवून सैनिक मिळविण्याची ही रीत सर्वच देशांत जुनी आहे. भाकरीचे चित्र कोणत्याही बिल्ल्यावर आले नाही; तिचे नाव मात्र रेजिमेंट असेतो टिकले.

७६ वी पलटण ही मुळातच हिंदुस्थानासाठी निर्माण झाली. १७८७ मध्ये राजाच्या सेनेत चार नव्या पलटणी (७४ ते ७७) उभारून ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने पूर्वेकडे पाठविण्याचे ठरले, त्यांपैकी ही एक. योगायोग असा, की आर्थर वेलस्ली हा डिसेंबर १७८७ मध्ये याच ७६ व्या पलटणीत लेफ्टनंट म्हणून काही आठवडे नावापुरता होता. तिच्याबरोबर तो हिंदुस्थानात आला नाही. पलटणीने तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात भाग घेतला. तिचे नाव झाले ते मात्र १८०३ मध्ये.

डिसेंबर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला व त्यातून पुढील वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. दक्षिणेत जनरल वेलस्ली व उत्तरेत जनरल जेरार्ड लेक अशी कामाची वाटणी होती. उत्तरेत दौलतराव शिंद्यांची जी फौज होती, ती महादजींच्या कारकीर्दीत द बॉइन या अधिकाऱ्याने पाश्चात्त्य धर्तीवर तयार केली होती व आता ती पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होती. कवायती पायदळ, चकमकीच्या बंदुका आणि आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या उत्कृष्ट तोफा हे तिचे बळ होते. लेकच्या सैन्यात गोऱ्या पायदळाची पलटण एकच होती, ती ७६ वी. बाकीचे पायदळ कंपनीच्या देशी शिपायांचे. साहजिकच प्रत्येक कठीण जागी हीच पलटण पुढे घातली गेली. ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगढचा किल्ला दरवाजे फोडून घेण्यात आला. हल्ल्याचे नेतृत्व करणारा ७६ व्या पलटणीचा मॉन्सन हा त्यात जबर जखमी झाला. ११ सप्टेंबरला यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजनजीक दिल्लीची लढाई झाली आणि वृद्ध बादशहा शाह आलम इंग्रजांच्या आश्रयाखाली गेला. ऑक्टोबरमध्ये आग्रा पडले. १ नोव्हेंबर रोजी अलवारनजीक लासवारी येथे अखेरची व सर्वांत रक्तरंजित लढाई झाली.

लासवारीत शिंद्यांच्या पलटणींचे युरोपीय अधिकारी बहुतेक निघून गेलेले होते. तरीही त्या पलटणी हटल्या नाहीत. गोलंदाज तोफांपाशी संगिनींनी मारले जाईपर्यंत उभे राहिले, असे खुद्द लेकने गव्हर्नर जनरलला कळविले आणि त्यांना फ्रेंच अधिकाऱ्यांचे नेतृत्व लाभले असते, तर निकालाची शाश्वती नव्हती, अशी कबुलीही दिली. इंग्रजांचे आठशेहून अधिक लोक ठार व जखमी झाले व त्यांत ७६ व्या पलटणीचा वाटा मोठा होता. सत्तरांवर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. दक्षिणेत २३ सप्टेंबरला असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केलेलाच होता. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे दौलतरावांनी तह केला आणि उत्तर हिंदुस्थानातील शिंद्यांचे वर्चस्व संपले.

या मोहिमेबद्दल ७६ व्या पलटणीला जो गौरव लाभला, तो ब्रिटिश सेनेत असामान्य होता. गव्हर्नर जनरलच्या आज्ञेने कंपनीने तिला नेहमीच्या दोन ध्वजांखेरीज आणखी दोन सन्मानध्वज दिले. लेकच्या सैन्यातील देशी पलटणींनाही असे सन्मानध्वज देण्यात आले. पुढे राजाच्या संमतीने ‘हिंदुस्तान’ ही अक्षरे व हत्तीची आकृती ध्वजावर व साजसामानावर वापरण्याची परवानगी मिळाली (१८०७) आणि काही वर्षे तर ‘हिंदुस्तान रेजिमेंट’ हेच तिचे नाव झाले. सन्मानध्वज जीर्ण झाल्यावर वेळोवेळी नवे करून देण्यात आले. कंपनी बुडाली, पण तिने दिलेल्या ध्वजांचा हक्क बुडाला नाही. १९४८ मध्ये रेजिमेंटच्या दोन नियमित बटालियन एक झाल्यावर ते पहिल्या बटालियनकडे आले आणि संचलनात इतरांचे दोन ध्वज निघत, तेथे हिचे चार निघू लागले.

हत्तीच्या आकृतीकडे थोडे बारकाईने पाहणे उचित ठरेल. तो साधा हत्ती नाही. त्याच्या पाठीवर हौदा आहे. हिंदुस्थान म्हणजे हत्ती आणि हत्ती म्हणजे राजेरजवाड्यांचे वैभव, ही जी कल्पना त्या काळी लंडनमध्ये रूढ होती, तिचेच हे चित्र. प्रत्यक्षात अलीगढपासून लासवारीपर्यंत ७६ व्या पलटणीची गाठ पडली ती हत्तींशी नव्हे, तर तिच्यासारख्याच रांगा धरून गोळीबार करणाऱ्या पायदळाशी आणि तिच्या सैन्यापेक्षा कित्येक ठिकाणी सरस असलेल्या तोफखान्याशी. विजेत्यांनी निवडलेल्या चिन्हात पराभूतांचे लष्करी आधुनिकत्व पूर्णपणे पुसले गेले. महादजींच्या सुधारणांचे महत्त्व लेकला रणांगणावर पटले होते. बिल्ल्याच्या नमुनाकाराला त्याचे काही देणेघेणे नव्हते. बिल्ला हा इतिहासाचे साधन म्हणून वापरताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी मर्यादा त्याच्या मौनाची. ७६ व्या पलटणीच्या युद्धसन्मानांत अलीगढ, दिल्ली १८०३, लासवारी व डीग ही नावे आहेत. त्यांतील डीगची लढाई १३ नोव्हेंबर १८०४ रोजी यशवंतराव होळकरांच्या पायदळाशी व तोफखान्याशी झाली. तीत जनरल फ्रेझर प्राणांतिक जखमी झाल्यावर सूत्रे मॉन्सनने हाती घेतली. याच मॉन्सनला त्या वर्षीच्या पावसाळ्यात यशवंतरावांनी मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत दाणादाण करीत पिटाळले होते. डीगचा किल्ला डिसेंबरअखेर पडला व लेक भरतपूरवर चालून गेला. जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये भरतपूरच्या मातीच्या तटावर इंग्रजांनी चार हल्ले केले आणि चारही फसले. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी ७५ व्या व ७६ व्या पलटणींचे सैनिक खंदकापाशी थबकले व पुढे जाईनात. दुसऱ्या दिवशी लेकने त्यांची कानउघाडणी केली, तेव्हा तेच सैनिक चौथ्या हल्ल्यासाठी स्वेच्छेने पुढे झाले व मोठ्या संख्येने पडले. या वेढ्यात इंग्रजांची हानी तीन हजारांवर गेली. सन्मानांच्या यादीत या भरतपूरला स्थान नाही. पराभव ध्वजावर लिहिला जात नाही हे खरे; परंतु सैनिकांच्या मनाचा कस ज्या दोन दिवसांत सर्वाधिक लागला, ते दिवस रेजिमेंटच्या कोणत्याही चिन्हावर सापडत नाहीत, हेही तितकेच खरे.

हिंदुस्थानातील चाकरीबद्दल प्राण्याचे चिन्ह मिळविणारी ७६ वी ही एकटी पलटण नव्हे. असईच्या लढाईबद्दल ७४ व्या व ७८ व्या हायलँडर्सना आणि १९ व्या लाइट ड्रॅगून्सना ‘असई’ हे नाव व हत्ती देण्यात आला. जालना जिल्ह्यातील एका लहानशा खेड्याचे नाव अशा प्रकारे स्कॉटिश सैनिकांच्या गणवेशावर जाऊन बसले. पुढे वाघाची प्रथा आली. ६७ व ७५ या पलटणींना ‘इंडिया’ अक्षरांसह वाघ मिळाला, तर १७ व्या लेस्टरशर पलटणीला १८२५ मध्ये ‘हिंदुस्तान’ अक्षरांसह हिरवा वाघ मिळाला. वाघ हे दीर्घ वास्तव्याचे आणि हत्ती हे विशिष्ट मोहिमेचे चिन्ह, असा ढोबळ भेद सांगता येतो. तो काटेकोर नाही.

आता सिंहाविषयी. आर्थर वेलस्ली १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीत मेजर म्हणून आला, त्याच वर्षी तिचा लेफ्टनंट-कर्नल झाला आणि १७९७ मध्ये तिच्यासह कलकत्त्याला उतरला. १७९९ मध्ये ही पलटण श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होती. असईच्या रणांगणावर मात्र ती नव्हती. त्या दिवशी वेलस्लीच्या हाताखाली गोरे पायदळ होते ते हायलँडर्सचे. १८०६ ते १८१३ या काळात तो तिचा कर्नल होता व १८१५ मध्ये वॉटर्लू येथे ती त्याच्या सैन्यात लढली. १४ सप्टेंबर १८५२ रोजी वेलिंग्टनचा मृत्यू झाला आणि पुढील वर्षी वॉटर्लूच्या स्मृतिदिनी, १८ जून १८५३ रोजी, व्हिक्टोरिया राणीने पलटणीला त्याचे नाव धारण करण्याची आज्ञा दिली. नावाबरोबर त्याचे शिरश्चिन्हही आले. मुकुटातून वर आलेला, मागच्या पायांवर उभारलेला अर्धसिंह व त्याच्या पंजात सेंट जॉर्जचा क्रूस असलेले दुहेरी टोकाचे निशाण, असे ते चिन्ह असून खाली ‘व्हर्च्यूटिस फॉर्च्यूना कोमेस’, म्हणजे दैव हे शौर्याचे सोबती होय, हे लॅटिन ब्रीद आहे. राजघराण्याबाहेरील व्यक्तीचे नाव कायमचे लाभलेली ब्रिटिश सेनेतील ही एकच पलटण असे सामान्यतः मानले जाते. कर्नलचे कुलचिन्ह वापरण्यास १७५१ मध्ये जी बंदी झाली होती, ती १८५३ मध्ये अशी राजाज्ञेनेच एका कर्नलापुरती उठली. फरक एवढाच, की आता चिन्ह कर्नलाबरोबर बदलणारे नव्हते. १८६८ मध्ये मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपिअर याच्या मोहिमेत ३३ व्या पलटणीने ॲबिसिनियातील मॅग्डाला किल्ला घेतला व ‘ॲबिसिनिया’ हा सन्मान तिच्या ध्वजावर आला.

१८८१ च्या पुनर्रचनेत क्रमांक रद्द झाले व पलटणींच्या जोड्या लावून परगण्यांची नावे देण्यात आली. ३३ वी पहिली बटालियन व ७६ वी दुसरी बटालियन मिळून वेलिंग्टनच्या नावाची वेस्ट रायडिंग रेजिमेंट तयार झाली. अशा जोडणीत एका पलटणीची चिन्हे दुसरीवर लादली जाण्याचा धोका असे व अनेक ठिकाणी त्यावरून कटुता आली. येथे तोडगा सरळ निघाला. टोपीवर ३३ व्या पलटणीचा सिंह आला आणि गळपट्टीच्या दोन्ही बाजूंना ७६ व्या पलटणीचा हत्ती. नुकसान झाले ते लाल रंगाचे. राजघराण्याचा किताब नसलेल्या सर्व इंग्लिश रेजिमेंटांना पांढरी गळपट्टी सक्तीची झाली होती. लाल रंग परत मिळविण्यासाठी रेजिमेंटला वाट पाहावी लागली, पण अखेरीस तो परत मिळाला.

टोपीचा बिल्ला दोन धातूंचा असे. सिंह व ब्रीदाची फीत पांढऱ्या धातूत आणि त्याखालील नावाची फीत पितळेत. या फितीवर प्रथम ‘द वेस्ट रायडिंग’ असे शब्द होते. १९२१ मध्ये नावाचा क्रम उलटून ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट (वेस्ट रायडिंग)’ असे झाल्यावर ड्यूकचे नाव फितीवर आले. पहिल्या महायुद्धात काटकसर म्हणून १९१६ पासून ब्रिटिश सेनेतील दुधातूंचे बिल्ले केवळ पितळेत निघू लागले; दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून प्लॅस्टिकचे आले आणि १९५० नंतर घासण्याची गरज नसलेल्या ॲल्युमिनियमचे. बिल्ला घासून लखलखीत ठेवणे हा रंगरुटाचा नित्याचा जाच होता, तो या शेवटच्या बदलाने गेला. जुन्या सैनिकांना त्याचे सुख वाटले असेलच असे नाही. दोन्ही महायुद्धांत रेजिमेंटच्या अनेक बटालियन ज्या डिव्हिजनांत होत्या, त्यांच्या खुणाही बाहीवर आल्या. पहिल्यात ६२ व्या डिव्हिजनचा पाणकोळी पक्षी होता, तर दुसऱ्यात ४९ व्या डिव्हिजनचे आइसलँडमधील वास्तव्य दर्शविणारे ध्रुवीय अस्वल होते. १९४४ मध्ये ईशान्य सरहद्दीवर चिंडिट दलात लढताना दुसऱ्या बटालियनच्या दोन तुकड्यांना ३३ व ७६ असे क्रमांक देण्यात आले. कागदोपत्री साठ वर्षांपूर्वी रद्द झालेले आकडे असे नागा टेकड्यांच्या जंगलात पुन्हा वापरात आले.

१९५८ मध्ये रेजिमेंटांचे ब्रिगेडवार गट करून प्रत्येक गटाला एकच टोपीचा बिल्ला देण्यात आला. यॉर्कशायर ब्रिगेडच्या बिल्ल्यावर परगण्याचे शुभ्र गुलाबपुष्प होते. सिंह टोपीवरून उतरला. गळपट्टीवरील हत्ती तेवढा राहिला. १९६९ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली व सिंह परत आला.

त्या सुमारास याच युद्धसन्मानांचा दुसरा शेवट हिंदुस्थानात झालेला होता. लेकच्या सैन्यातील बहुसंख्य शिपाई देशी होते व त्यांच्या पलटणींच्या वारसांकडेही दिल्ली १८०३, लासवारी, डीग ही नावे परंपरेने आलेली होती. स्वातंत्र्यानंतर भारतीय भूसेनेने स्वदेशीयांविरुद्ध मिळविलेले सन्मान अनुचित ठरवून ते मिरविणे व त्यांचे स्मृतिदिन साजरे करणे बंद केले. असईचाही त्यांत समावेश आहे. एकाच दिवशी, एकाच रणांगणावर मिळालेला सन्मान यॉर्कशायरमध्ये ध्वजावर राहिला आणि भारतात बाजूला ठेवला गेला. दिल्लीच्या लढाईचा स्मारकस्तंभ आता नोएडा येथील गोल्फच्या मैदानात उभा आहे. तेथे खेळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो कशाचा हे माहीत असावे.

६ जून २००६ रोजी ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंट, ग्रीन हॉवर्ड्स व प्रिन्स ऑफ वेल्सेस ओन या तिन्ही मिळून यॉर्कशायर रेजिमेंट अस्तित्वात आली. आरंभी तिसऱ्या बटालियनच्या नावापुढे कंसात ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स’ असे लिहीत; २०१२ मध्ये जाहीर झालेल्या कपातीत नियमित बटालियन तीनच्या दोन झाल्या व कंसातील नावेही गेली. टोपीवर आता गुलाबपुष्पाचा बिल्ला आहे. वेलिंग्टनचे लॅटिन ब्रीद मात्र शूरांना दैव साहाय्य करते अशा अर्थाच्या इंग्रजी रूपात नव्या रेजिमेंटने स्वीकारले. जुने बिल्ले, ध्वज व गणवेश हॅलिफॅक्सच्या बँकफील्ड संग्रहालयात पाहावयास मिळतात.